तुळसक्का, तू घसरली नव्हतीस

तुळसक्का,

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. खालच्या घराची किल्ली प्रकाशनं माझ्याकडे ठेवली आहे. दर रविवारी तो इलेक्ट्रॉनिक सिटीहून येतो, व्हरांड्यात उभा राहतो, आईच्या खोलीत काही जात नाही. मला म्हणाला, "मावशी, मधून मधून दार उघडत जा, नाहीतर कोंदट वास बसेल." म्हणून मी रोज सकाळी जिना उतरून येते, दार उघडते, झाडते आणि थोडा वेळ बसते. तुझ्या खुर्चीत बसवत नाही. शेजारच्या स्टुलावर बसते, जिथं तू माणसांना बसवून त्यांचं बीपी बघायचीस.

आसपासच्या गल्ल्यांतल्या बायका येऊन गेल्या. नर्सम्मा गेली म्हणून रडल्या. प्रत्येकीकडे तुझी एक तरी गोष्ट होती आणि सगळ्या चांगल्या होत्या. मी ऐकून घेतल्या. मला तुला जे सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं.

आयुष्यभर मी लिहिलं ते कन्नडमध्ये आणि सरकारी. जबाब, पंचनामे, ठाण्याची डायरी. मराठीत शेवटचं लिहिलं ते आईला निपाणीला पाठवलेलं पत्र. त्यानंतर हेच.

यशवंतपूर स्टेशनात गाडीतून उतरून, ट्रंक ऑटोत घालून मी तुझ्या दारात आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. एकटी बाई, त्यात पोलीस. तीन घरमालकांनी नवरा कुठे असतो ते विचारून नकार दिला होता. तू विचारलंस, "ड्यूटी रात्रीची असते का? मग येताना कडी वाजवू नको, मला पाचला उठायचं असतं." एवढ्यावर वरची खोली मला मिळाली. प्रकाश तेव्हा दोन वर्षांचा होता आणि तुझा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. तू आपणहून कधी सांगितलं नाहीस.

तुझी मराठी ऐकून मला हसू यायचं. "स्वल्प थांब, बीदीचं दार उघडून येते," असं तू रस्त्याकडच्या दाराला म्हणायचीस. एकदा मला हसताना तू पकडलंस. "हसतेस काय? तुम्ही निपाणीकडचे लोक काल आलात. आमची माणसं शहाजीराजांच्या वेळेपासून हितं आहेत. चारशे वर्षं मुरलेलं लोणचं आहे हे, तेलाचा वास येणारच." त्यानंतर मी कधी हसले नाही. उलट हळूहळू माझ्याही तोंडात 'बरं'च्या जागी 'सरी' आणि 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' बसले. आता निपाणीला गेले की वहिनी मला हसते.

तू पालिकेच्या दवाखान्यात नर्स होतीस. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येत. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे तूच. आणि रात्री आठला दवाखाना बंद झाला की हा व्हरांडा. खरचटलेली पोरं, पोळलेले हात, गाठ आलेली इंजेक्शनं, आणि नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायका. त्या बायकांवरूनच आपली जुंपायची. छत्तीस वर्षांत आपलं भांडण एकच होतं, बायका तेवढ्या बदलत गेल्या.

तू म्हणायचीस, आधी जखम. कोण, कसं, कशानं, हे विचारलंस तर ती पुन्हा येणार नाही, आणि मग ती जखम घरातच पिकेल. मी म्हणायचे, नुसती जखम बांधून पाठवलीस तर पुढच्या महिन्यात दुसरी घेऊन येईल. कागदावर आलं पाहिजे. जे कागदावर नाही ते झालंच नाही, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि मी ते तुला ऐकवत असे. तू कापूस फाडता फाडता म्हणायचीस, "कागदाला टाके घालता येतात का गं मंगल?"

रेणुकाचं तुला आठवत असेलच. गारमेंटच्या कारखान्यात जाणारी, मागच्या गल्लीतली. भुवई फुटून आली होती. दाराची फळी लागली म्हणाली. तू मान डोलावलीस आणि धुवायला घेतलंस. मी ड्यूटीवरून नुकतीच आले होते, अंगावर खाकी होती. मी तिच्यासमोर बसले आणि फळी केवढी होती, कुठल्या बाजूनं आली, असं विचारत विचारत तिच्याकडून नवऱ्याचं नाव काढून घेतलं. तू मध्ये दोनदा म्हणालीस, "मंगल, आता नको." मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला उचललं. दोन दिवस आत राहिला आणि बाहेर आला. पुढच्या आठवड्यात त्यांनी खोली सोडली. रेणुकाला तेव्हा दिवस गेले होते, हे तुला माहीत होतं, मला नव्हतं. नव्या जागी ती कुठल्याही दवाखान्यात गेली नाही. नर्स म्हणजे पोलीस, असं तिच्या मनानं घेतलं. सातव्या महिन्यात घरातच बाळंत झाली आणि मूल राहिलं नाही. तिची जाऊ तुला बाजारात भेटली तेव्हा हे कळलं.

तू घरी आलीस, पिशवी ठेवलीस, मला जिन्यातूनच सांगितलंस. आवाज चढवला नाहीस. नंतर आठ महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. दूध आलं की माझं पातेलं भरून जिन्यावर ठेवायचीस, पण बोलायची नाहीस. शेवटी माझी साखर वाढली, पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा एका सकाळी तू बीपीचं यंत्र घेऊन वर आलीस, माझा हात ओढून पट्टा बांधलास आणि म्हणालीस, "वजन कमी कर." तेवढ्यावर भांडण संपलं. रेणुकाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पण माझ्याजवळ एक वाक्य होतं, अक्का. कोपऱ्यावरच्या घरातली ती भाजलेली बाई. तिला तू दोन वेळा मलम लावलंस आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. तिसऱ्या वेळी तिला मलमाची गरज उरली नव्हती. पंचनाम्याला मीच होते. त्या आठ महिन्यांत रोज मला वाटायचं, जिन्यात थांबून तुला विचारावं, की तुझ्या पद्धतीनं ती वाचली का. मी विचारलं नाही. तेव्हा वाटलं, माझा चांगुलपणा. आता वाटतं, तुझ्याजवळही तसंच एक वाक्य होतं म्हणून मी गप्प राहिले.

मी इथं आले त्याच वर्षीच्या दिवाळीत माझा नवरा निपाणीहून आला होता. चौथ्या दिवशी मी उजवं कोपर डाव्या हातात धरून तुझ्याकडे खाली आले. तू काही विचारलं नाहीस. हात गळ्यात बांधून दिलास, गरम दूध दिलंस आणि म्हणालीस, "वरच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडून काढून घे." मी घेतली. तो परत आला नाही. जगाच्या बायकांना कागदावर आणायला निघालेली मी, माझा स्वतःचा कागद कधी झाला नाही. रेणुकाच्या वेळी तू हे माझ्या तोंडावर फेकू शकली असतीस. तू फेकलं नाहीस. ना तेव्हा, ना नंतर कधी. याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

संध्याकाळचा दवाखाना बंद पडला तोही माझ्यामुळे, असं तुला वाटायचं का? दोन पिऊन आलेल्या माणसांनी नव्या नर्सचा हात धरला आणि खिडकी फोडली. त्यानंतर संध्याकाळी कुणी थांबायला तयार होईना. तू अर्ज लिहिलास, पाच ते आठ एक पोलीस द्या आणि ट्रान्सफॉर्मरपासून दवाखान्यापर्यंतचे बंद दिवे लावा. तो अर्ज मीच ठाण्यात नेला. साहेब म्हणाले, तिथं गस्तीचं बीट आहे ना. बीट होतं. दवाखान्याच्या फाटकाला गस्तीची वही टांगलेली होती आणि तीत रोज सह्या होत्या. कितीतरी वेळा मी स्वतः सोमवारी बसून आठवडाभराच्या सह्या केल्या होत्या. एकदा तू ती वही माझ्यापुढे उघडून धरलीस. "उद्याची सही आजच झाली. म्हणजे उद्या काही होणार नाही. सरी." एवढं म्हणून वही परत टांगलीस. दिवे लागले नाहीत. संध्याकाळचा दवाखाना पुन्हा उघडला नाही. लोक मग एकतर तुझ्या व्हरांड्यात यायचे, नाहीतर त्या काचेच्या दारांच्या खाजगी हॉस्पिटलात जायचे, नाहीतर सकाळची वाट बघायचे.

आता त्या मंगळवारचं.

महिन्याच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला आपण दवाखान्यात निघालो होतो. सकाळचे नऊ वाजले होते, रस्त्यावर माणसं होती. "आपल्याच दवाखान्यात मला आता लाइन धरावी लागते," असं तू कुरकुरत होतीस. ट्रान्सफॉर्मरपाशी मी गौरम्माकडे फुलं घ्यायला थांबले आणि तू चालत राहिलीस. आपल्यात दहा पावलांचं अंतर असेल. बाइक मागून आली. दोघंही हेल्मेटमध्ये. मागच्याचा हात तुझ्या मानेपर्यंत गेलेला मी पाहिला. साखळी लगेच तुटली नाही. प्रकाशनं पहिल्या पगारात केलेली, बारीक पण मजबूत. तिनं तुला चार-पाच पावलं ओढत नेलं आणि मग तुटली. गटारावरच्या फरशीच्या कडेवर तुझं डोकं आपटलं, तो आवाज मी ऐकला.

चौतीस वर्षं पोलिसात काढलेल्या बाईनं नंबर वाचायला हवा होता. नंबरप्लेट वाकवलेली होती, एवढंच मला दिसलं.

तू स्वतःच उठून बसलीस. गौरम्मानं पाणी आणलं, ते तू घेतलं नाहीस. मला जवळ बोलावून म्हणालीस, "डोळ्यांत बघ माझ्या. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का?" मी म्हटलं, सारख्या आहेत. खरं सांगायचं तर मला नीट कळत नव्हतं. कानामागून रक्त येत होतं आणि मी त्याच्याकडेच बघत होते.

ऑटोत तू म्हणालीस, "सरकारीत चल. हितं नको." मी म्हटलं, ते लांब आहे, हे काचेचं चार मिनिटांवर आहे. माझं तू ऐकलंस. छत्तीस वर्षांत इतक्या लवकर तू माझं कधी ऐकलं नव्हतंस, तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, साखळी ओढली, पडली. तिचा चेहरा बदलला. "मग ही पोलीस केस आहे." आतून एक तरुण डॉक्टर आला. तुझ्या डोक्याला गॉझ गुंडाळलं. म्हणाला, "अम्मा, आमचे मेंदूचे सर्जन आज नाहीत. पोलिसांना कळवावं लागेल, मग ॲडमिशन. त्यापेक्षा मोठ्या हॉस्पिटलात न्या." मी कायदा सांगितला. आधी उपचार, मग पोलीस, कुठलंही हॉस्पिटल नाही म्हणू शकत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवलेलं होतं. तो म्हणाला, "पट्टी बांधली की, मॅडम." स्कॅनचं मशीन तळमजल्यावर होतं, बाणाची पाटीही होती. फॉर्मवर नातेवाइकाची सही पाहिजे म्हणाले. नातं काय? मी म्हटलं, वरच्या मजल्यावर राहते. मुलीनं पेन खाली ठेवलं.

बाकावरून तू म्हणालीस, "मंगल, त्याच्याशी भांडू नको. त्याला वरून सांगितलेलं असतं. वेळ बघ." मग त्यालाच म्हणालीस, "बाळा, तेवढा स्कॅन करून दे. बाकी आम्ही बघतो." तो आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला. प्रकाशला फोन लावला. तो ऑफिसमधून निघाला होता आणि उड्डाणपुलावर अडकला होता. हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स बाहेर गेलेली होती. पाऊण तास आपण त्या बाकावर होतो. त्या पाऊण तासात तू मला दोन गोष्टी सांगितल्यास. उलटी झाली तर कुशीवर वळव. आणि गोळ्यांचं पुस्तक पिशवीत आहे, ते हरवू नको, नवीन करायला फार फिरवतात.

दुसऱ्या ऑटोत तुला उलटी झाली. मी कुशीवर वळवलं. नंतर तू जे बोललीस ते मला कळलं नाही, कन्नडही नव्हतं आणि मराठीही. मी तुझ्या डोळ्यांत पाहिलं. एक बाहुली मोठी झाली होती. या वेळी मला नीट कळलं.

सरकारी हॉस्पिटलात लोक धावले, खोटं बोलणार नाही. ट्रॉली मिळाली, स्कॅन झाला. पण टेबलावर दुसरा माणूस होता आणि त्याच्यानंतर आणखी एक. श्वासाचं मशीन एकही रिकामं नव्हतं. तिथल्या नर्सनं तुझ्या तोंडातल्या नळीला फुगा जोडला आणि तेवढ्यात पोचलेल्या प्रकाशच्या हातात दिला. "मोजून दाबायचा, थांबायचं नाही." तो दीड तास दाबत उभा होता. अंगात ऑफिसचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी म्हटलं, मी घेते थोडा वेळ. त्यानं दिला नाही. साडेबाराच्या सुमारास डॉक्टरांनी त्याचा हात धरून थांबवला. मला बाजूला घेऊन म्हणाले, कवटीच्या आत रक्त साकळलं होतं, हे निघण्यासारखं असतं, तासभर आधी आला असतात तर…

इथवर जे झालं ते तुझ्याबाबतीत झालं. यापुढचं मी केलं.

ठाण्यातून सबइन्स्पेक्टर आला. तरुण आहे, नोकरीला लागला तेव्हा मीच त्याला गल्ल्या दाखवल्या होत्या. मला मान देतो. आम्हाला चहा मागवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय सांगायचं. जबरी चोरीत मृत्यू असं लिहिलं तर वरचे साहेब येणार, जागेचा पंचनामा, पोस्टमॉर्टेमचं शूटिंग. बॉडी उद्या संध्याकाळपर्यंत मिळणार नाही. अकस्मात मृत्यू लिहिलं तर आज सहाला घेऊन जा. साखळीचा शोध आम्ही घेणारच, तो वेगळा." त्यानं सांगितलं नाही ते मला माहीत होतं. महिनाअखेरची मीटिंग होती आणि त्याच्या हद्दीत असा गुन्हा त्याला नको होता. मला का माहीत होतं? मी स्वतः किती जणींना सांगितलं होतं, 'चोरली' नको, 'हरवली' लिही, लवकर दाखला मिळेल.

प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं. त्याची बोटं अजून उघडमीट करत होती. "मावशी, तूच सांग. मला यातलं काही कळत नाही."

तुझ्या मानेवर लाल रेघ होती, अक्का. मागून कानाखालपर्यंत. मी ती पाहिली, सबइन्स्पेक्टरनंही पाहिली. म्हणाला, पडताना अडकली असेल साखळी.

मी प्रकाशला म्हटलं, घसरली असं सांग.

त्यानं सांगितलं. मग माझा जबाब. साक्षीदार म्हणून. सबइन्स्पेक्टर लिहून घेत होता, मी सांगत होते. पायाखालची फरशी निसटलेली होती, तोल गेला, असं मीच सांगितलं. फरशी खरोखरच निसटलेली आहे. खोट्या जबाबात एक गोष्ट खरी असावी लागते, नाहीतर तो उभा राहत नाही, हे मला धंद्यातून आलेलं ज्ञान. सही केली.

मी हे तुझ्यासाठी केलं, तुला रात्रभर त्या थंड खोलीत जमिनीवर राहावं लागू नये म्हणून, असं मी पहिले काही दिवस स्वतःला सांगितलं. तेवढंच खरं नाही. मी दमले होते आणि ते वाक्य तोंडात तयार होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी वापरलेलं वाक्य होतं ते.

चौदाव्या दिवशी मी ठाण्यात गेले. जबाब बदलायचा आहे म्हटलं. त्याच सबइन्स्पेक्टरनं दार लोटलं आणि मला बसवलं. "मॅडम, तुम्हीच सही केलीय. आता काय लिहू, निवृत्त हेड कॉन्स्टेबलनं खोटी साक्ष दिली? उलट तुमच्यावर येईल. आणि जळलेल्या देहाचं आता काय दाखवणार?" उद्धटपणे बोलला नाही. चहा विचारला. मी गौरम्माकडे गेले. तिनं सगळं पाहिलं होतं, पाणीही तिनंच आणलं होतं. ती फुलं गुंफत राहिली. म्हणाली, "अम्मा, तुम्ही पोलीस. तुम्ही लिहिलं की ती घसरली. मग मी काय पाहिलं असणार?"

मग त्या काचेच्या हॉस्पिटलाविरुद्ध तक्रार द्यावी म्हटलं. निदान तेवढं. आरोग्य खात्याच्या ऑफिसात दोन खिडक्या फिरले. तिथल्या बाईनं कागद वाचले आणि मलाच समजावलं. इथं तर लिहिलंय, रस्त्यात पडल्या, प्रथमोपचार केले, पुढे पाठवलं. पोलीस केस म्हणून त्यांनी नाकारलं असं तुम्ही म्हणता, पण पोलीस केस आहे कुठे? मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. तिचं बरोबर होतं. एका सहीनं मी चोरांनाही सोडलं होतं आणि हॉस्पिटललाही.

प्रकाशला सांगितलं तर म्हणाला, "मावशी, सोड आता. आई परत येणार आहे का?" मला त्याचा राग आला नाही. त्यालाही रोज झोपायचं असतं.

मला वाटायचं, आपल्या भांडणाचा निकाल कधीतरी लागेल. म्हातारपणी व्हरांड्यात बसून एक दिवस तू म्हणशील की मंगल, कागद पाहिजे होता. किंवा मी म्हणेन की अक्का, आधी जखम. तुझ्या वेळी दोन्ही झालं नाही. जखमेकडे कुणी वेळेवर पाहिलं नाही आणि कागद मी खोटा केला. आणि त्या रस्त्यानं बायका रोज दवाखान्यात जातात. दिवे अजून बंद आहेत. फाटकावर वही टांगलेली आहे, मी मुद्दाम उघडून पाहिली, सह्या आहेत.

काल सकाळी मी खालचं दार उघडून झाडत होते. एक बाई आली. पंचविशीची असेल, मी पाहिलेली नव्हती. दुपट्ट्यात गुंडाळलेला हात छातीशी धरला होता. "नर्सम्मा आहेत?"

मी म्हटलं, "नाहीत. गेल्या."

"गावाला?"

"वारल्या. महिना होईल."

ती पायरीवर तशीच उभी राहिली. मग विचारलं, "काय झालं त्यांना?"

मी केरसुणी भिंतीला टेकवली. तुझा व्हरांडा, तुझं दार, विचारणारी एक अनोळखी बाई. सही नाही, साहेब नाही, कुणी लिहून घेत नव्हतं. खरं सांगायला काहीच लागत नव्हतं.

"घसरून पडल्या," मी म्हटलं. "रस्त्यात."

तिनं मान हलवली. मग मी तिच्या हाताकडे पाहते आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "मी पण. बाथरूममध्ये पाय घसरला."

दुपट्ट्याच्या कडेला तिचं मनगट दिसत होतं. चार बोटांचे वळ होते, निळे पडलेले. माझं तिकडे लक्ष गेलेलं तिनं पाहिलं. मग दवाखाना नऊला उघडतो, एवढं मी तिला सांगितलं. ती "सरी" म्हणाली आणि जिकडून आली होती तिकडेच, दवाखान्याच्या उलट्या दिशेला, निघून गेली.

मंगल